ब्रेकवरचा पाय

१

गाडी अंगणात आली त्या दिवसापासून मास्तर तिला 'माझी सवत' म्हणायला लागले. त्यांचं म्हणणं असं, की बायको सकाळी उठून आधी तिच्याकडे बघते आणि मग, जमलं तर, माझ्याकडे. तिला तेलपाणी वेळेवर, माझा चहा मात्र झाला तर झाला. मास्तर पेशाने शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांची पायमशीन, गळ्यात सदानकदा टेप, आणि तोंडाचा पट्टा मशीनपेक्षा जोरात चालणारा.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली उस्ताद म्हणायची. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात तिची सगळी नोकरी झाली. हातात पाना आला की तिचा चेहरा खुलायचा. निवृत्त झाली आणि चेहरा खुलायला काही कारणच उरलं नाही, तेव्हा तिने भंगारात निघालेली एक जुनी पिकअप दोरीने ओढून घरी आणली. कोपऱ्यावरचा मेकॅनिक म्हणाला, बाई, हिच्यात आता जीव नाही. उस्ताद पुढचं वर्षभर गाडीखाली अंगणातच लोळली. वायरिंग नवं केलं, रेडिएटरचे पाइप बदलले, मागच्या हौद्यात फळ्या ठोकल्या, मागे लालभडक नवे दिवे बसवले. मास्तरांनी कुरकुर करत सीटला असं झकास कव्हर शिवलं, की उस्ताद त्यावर कुणाला बसूच देईना. गाडी पहिल्यांदा सुरू झाली तेव्हा ही दोघं वयं विसरून अंगणात टाळ्या पिटत होती.

आता तिला एकच ध्यास होता. लेक वर डोंगरातल्या गावी नोकरीला होती. तिची बदली इकडे झाली होती आणि तान्ह्या मुलीला घेऊन ती कायमची माघारी येत होती. जावई तिकडचं आवरून मागाहून येणार होता. नात जन्मली तेव्हा उस्तादने तिला एकदा मांडीवर घेतलं होतं, त्यानंतर नुसता फोन. तेव्हा नातीने घरी यायचं ते आपल्या हातांनी उभ्या केलेल्या गाडीतूनच, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. लेक मात्र फोनवर चाचरत म्हणाली, की सामान तुझ्या गाडीतून येऊ दे, मी बाळाला घेऊन टॅक्सीने येते. उस्ताद बरं म्हणाली. फोन ठेवल्यावर बराच वेळ ती पाना हातात घेऊन नुसती बसून राहिली.

मास्तरांना ते बघवलं नाही.

"घाटाचा उतार आहे," ते म्हणाले. "तू मला ब्रेक पक्के करून दाखव. मग लेकीला मी सांगतो, आईच्या गाडीतच बस म्हणून. माझा शब्द ती मोडायची नाही."

२

ब्रेकची हवा काढणं हे दोन माणसांचं काम. ब्रेकच्या नळ्यांत तेल असतं, आणि त्या तेलात हवेचे बुडबुडे शिरले की पेडल नुसतंच खाली जातं, गाडी थांबत नाही. म्हणून एकाने आत बसून पेडल दाबून धरायचं आणि दुसऱ्याने गाडीखाली झोपून चाकामागचा लहानसा नट सैल करायचा. तिथे लावलेल्या नळीतून तेल आणि हवा खालच्या बाटलीत येते. मग नट पुन्हा आवळायचा. तो आवळला जाईपर्यंत वरच्याने पाय उचलायचा नाही, नाहीतर हवा उलटी आत शिरते आणि केलेलं सगळं पाण्यात. खालच्याला वरचं दिसत नाही, वरच्याला खालचं दिसत नाही. सगळा कारभार शब्दावर.

या दोघांचे शब्द ठरलेले होते. ती म्हणायची, दाबा. ते म्हणायचे, दाबलं. ती म्हणायची, सोडा. ते म्हणायचे, सोडलं. पूर्वी एकदा मास्तरांनी गिऱ्हाइकाचा फोन घ्यायला मध्येच पाय उचलला होता आणि अख्खी सकाळ वाया गेली होती. उस्ताद संध्याकाळपर्यंत त्यांच्याशी बोलली नाही. तेव्हापासून मास्तरांनी गाडीच्या स्टेअरिंगवर हात ठेवून शपथ घेतली होती, की तू सोडा म्हणेपर्यंत जग बुडालं तरी माझा पाय हलणार नाही.

त्या सकाळी ऊन छान पडलं होतं. मागची दोन्ही चाकं हसतखेळत झाली. मास्तरांचा पाय पायमशीनवर घडलेला, त्यामुळे ते पेडलसुद्धा शिवण घातल्यासारखं भराभर मारायचे, आणि मारता मारता गल्लीतल्या प्रत्येकाच्या कपड्यांची मापं आणि त्यावरून त्यांचे स्वभाव सांगायचे. उस्ताद खाली पडल्या पडल्या हसत होती.

पुढच्या डाव्या चाकाचा नट गंजून बसला होता. तिने हातोडी घेऊन त्याला बराच वेळ ठोकलं, तेल सोडलं, पुन्हा ठोकलं. शेवटी तो हलला. मग ती म्हणाली, दाबा.

"दाबलं."

बाटलीत बुडबुडे आले. सोडा. सोडलं. दाबा. दाबलं. काम असं लागलं, की तिला मनापासून बरं वाटलं. पेडल आता भराभर पडत नव्हतं. सावकाश, पुरतं, तळाला टेकेपर्यंत दाबलं जात होतं. आणि मास्तर चक्क गप्प होते. इतक्या वर्षांनी माणसाला काम कसं करायचं ते कळलं, असं तिच्या मनात आलं. बोलून दाखवलं तर चढून बसतील म्हणून ती काही बोलली नाही.

"दाबा," ती पुन्हा म्हणाली.

"दाबलं."

तिने नटाला पाना लावला आणि सहज मान वळवली. गाडीखालून अंगणाचं फाटक दिसत होतं. फाटक उघडून मास्तरांच्या चपला आत येत होत्या. त्यांच्या तुटक्या पट्ट्याला त्यांनीच घातलेला निळा टाका तिथूनही ओळखू येत होता.

३

ती गाडीखालून कशी बाहेर आली ते तिला आठवत नाही. मास्तर हातात कापडाची पिशवी घेऊन उभे होते. पलीकडच्या गल्लीतल्या बाईंचं माप घ्यायला गेलो होतो, म्हणाले.

"मला न सांगता?"

"सांगितलं की. फाटकातून ओरडून सांगितलं. तू हं म्हणालीस."

तिने हं म्हटलं असेलही. हातोडी चालू असताना ती कशालाही हं म्हणते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. ती गाडीचं दार उघडून आत बघायला गेली. आत कोणी नव्हतं. नव्या कव्हरवर ऊन पडलं होतं आणि काच खाली होती. सीट मात्र मागे सरकवलेली होती, अगदी शेवटच्या खाचेपर्यंत. मास्तर ठेंगणे. ते सीट पुढे ओढून, स्टेअरिंगला पोट लावून बसत.

पेडल खाली होतं. तळाला नाही, पण दाबून धरल्यावर जिथे थांबतं तिथे, तसंच.

उस्ताद काही भित्री बाई नव्हती. पंपघरात एकटीने पाळ्या केलेल्या. पाण्याच्या नळांतून कसकसले आवाज येतात आणि त्यांतला एकही कुणाचा नसतो, हे तिला पुरतं माहीत होतं. तिने शांतपणे विचार केला. पेडलची स्प्रिंग तुटली असणार, म्हणून ते वर येत नाही. आणि हातोडीने कान बधिर झाले होते, तेव्हा आवाज आपल्याच मनाचा. इतकी वर्षं तीच उत्तरं ऐकल्यावर कानाला ती आपोआप ऐकू येणार, त्यात काय मोठंसं. सीट उतरताना मास्तरांनीच मागे ढकलली असणार.

एवढं झाल्यावर तिने बाटली उचलून बघितली. तेल गळ्याशी आलं होतं. दाबल्याशिवाय थेंब बाहेर येत नाही, हे तर तीच सगळ्यांना शिकवायची. तिने बाटली खाली ठेवली, आत जाऊन साबणाने हात धुतले, मग पुन्हा धुतले.

जेवताना मास्तर खुशीत होते. मागची दोन्ही चाकं झाली ना, मग माझ्या पायाला काहीतरी बक्षीस पाहिजे, म्हणाले. तिने त्यांच्या ताटात वाढलं आणि तिसऱ्या चाकाबद्दल अवाक्षर काढलं नाही. सांगितलं असतं तर त्यांनी लेकीला टॅक्सीच करायला सांगितली असती.

४

दुपारी मास्तर खिडकीशी बसून काज करत होते. मध्येच ते म्हणाले, की अगं, तुझ्या गाडीचे मागचे दिवे चालू राहिलेत.

उस्तादने बघितलं. भर उन्हात दोन्ही लाल दिवे लागलेले होते. ते ब्रेकचे दिवे. पेडल दाबलेलं असलं तरच लागणारे.

ती अंगणात गेली. स्प्रिंग काढून बघितली, ती ठणठणीत होती. खिळीला ग्रीस लावलं, सळई तपासली, गंज कुठेच नव्हता. मग तिने दारातून वाकून, दोन्ही हातांनी पेडल धरून वर ओढलं. ते थोडंसं वर आलं आणि पुन्हा सावकाश खाली गेलं. तिने झटकन हात काढून घेतले. लोखंड अडकलं की अडकतं, ते हलत नाही, किंवा हललं तर सुटतं. हे मऊ अडकलं होतं. कुणाचा पाय धरून ओढल्यावर तो माणूस जरासा ढळावा आणि पुन्हा नेटाने उभा राहावा, तसं.

ती अंगणातल्या ओट्यावर जाऊन बसली. अंगावर काटा आला होता, आणि त्याच वेळी डोक्यात एक अगदी साधी गोष्ट येऊन बसली होती, कितीही ढकलली तरी न जाणारी. सकाळी शेवटचं ती दाबा म्हणाली होती. दाबलं असं उत्तर आलं होतं. मग चपला दिसल्या आणि ती पळाली. सोडा म्हणायचं राहूनच गेलं होतं.

तिला स्वतःचंच हसू आलं. बाई गं, ती स्वतःला म्हणाली, पेन्शन लागली तशी अक्कलही गेली वाटतं. पण हसता हसता तिला वाटलं, की जो कोणी असेल तो सकाळपासून तसाच बसला आहे. आपण त्याला धरून ठेवायला सांगितलं आणि जेवायला निघून गेलो. आपल्या माणसाने असं केलं असतं तर आपण काय काय बोललो असतो.

तिने मास्तरांना दोरा आणायच्या निमित्ताने बाहेर काढलं. मग चटई टाकून ती तिसऱ्या चाकाखाली सरकली. खाली गार होतं. तेलाचा वास होता, मागच्या दिव्यांचा लाल उजेड भिंतीवर पडला होता आणि कुठेतरी एक माशी भुणभुणत होती. नटाला हात लावून तिने घसा साफ केला. आवाज मोठा निघेना.

"सोडा," ती म्हणाली.

काही झालं नाही. मग वर सीट करकरली, बराच वेळ ताटकळलेला माणूस हलतो तशी. पेडल खट्कन वर आलं. भिंतीवरचा लाल उजेड गेला.

"सोडलं."

आवाज दमलेला होता. बाकी त्यात काही नव्हतं, ना राग, ना काही. उस्ताद तिथेच पडून राहिली आणि तिचं काळीज इतकं धडधडत होतं, की ते वरच्यालाही ऐकू जात असणार असं तिला वाटलं. काहीतरी बोलायला हवं होतं. शेवटी ती म्हणाली, की माफ करा, माझ्या लक्षात राहिलं नाही.

५

आता एकच चाक राहिलं होतं, चालवणाऱ्याच्या बाजूचं, आणि उद्या सकाळी निघायचं होतं.

उस्ताद घरातल्या घरात फेऱ्या मारत होती. एक मन म्हणत होतं, गाडीला कुलूप घाल आणि लेकीला सांग टॅक्सी कर. दुसरं म्हणत होतं, की तिसऱ्या चाकाचं काम जितकं चोख झालंय तितकं चोख काम तुझ्या हातून आजवर झालेलं नाही. ते खरं होतं. तिने नळी उजेडात धरून पाहिली होती. तेल स्वच्छ, एक बुडबुडा नाही. वाईटच करायचं असतं तर कोणी सकाळभर उन्हात पाय रोवून कशाला बसेल? पण नातीच्या जिवाशी खेळ नको, हेही खरंच होतं. ब्रेकला हात न लावता निघणं हा तर त्याहून वेडेपणा.

मास्तर दोरा घेऊन आले तशी तिने त्यांना धरून सीटवर बसवलं. बजावलं, की एक क्षण गप्प बसायचं नाही. तोंड बंद झालं तर माझ्याशी गाठ आहे. मास्तरांचा कानांवर विश्वास बसेना. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण बोला असं तू मला पहिल्यांदाच म्हणते आहेस, ते म्हणाले, आणि जे सुटले ते सुटलेच. तिने सीट पुढे ओढली आणि खाली शिरली.

"दाबा."

"दाबलं," मास्तर म्हणाले.

"दाबलं," जरासं मागून, जरासं खालच्या पट्टीत आलं.

मास्तरांचं बोलणं मध्येच तुटलं. बाहेर रस्त्यावरून एक सायकल गेली. उस्तादने नट सैल केला, तेल सळसळत नळीतून आलं, तिने नट आवळला.

"सोडा."

"सोडलं."

"सोडलं."

"भिंतीवरून आवाज फिरतोय," मास्तर वरून म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"हो, भिंतच आहे," उस्ताद म्हणाली.

त्यांनी ते चाक पुरं केलं. मास्तर शेवटपर्यंत बोलत राहिले, पण काय बोलत होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं. उतरल्यावर ते सीटकडे पाठ न करता मागे मागे सरकत अंगणात आले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, तिने त्यांच्याकडे पाहिलं. मग मास्तर म्हणाले, उद्या मी मागे सामानात बसेन. कपाट हलायला नको.

संध्याकाळी उजेड असेपर्यंत उस्तादने पाण्याच्या टाकीच्या उतारावर गाडी पुन्हा पुन्हा पळवून थांबवली. हव्या त्या रेघेवर गाडी उभी राहत होती. नव्या गाड्यांनी खाली मान घालावी असे ब्रेक झाले होते. मास्तरांनीही शब्द पाळून लेकीला फोनवर सांगितलं, की आईच्या गाडीतच बस. शेवटच्या वेळी, गाडी बंद करून उतरण्यापूर्वी, ती मोकळ्या केबिनमध्ये हळूच म्हणाली, की उद्या माझी नात आहे गाडीत. एवढंच म्हणाली आणि दार लावून घेतलं.

६

दुसरा दिवस इतका आनंदात उगवला, की कालचं सगळं तिला खोटं वाटायला लागलं. गाडी घाट अशी चढली, की मास्तर मागच्या फळ्यांवर थाप मारून तिला शाबासकी देत होते. वर लेक दारातच उभी होती. तिने गाडी बघितली, चकाकणारे दिवे बघितले, बापाने शिवलेलं कव्हर बघितलं आणि आईच्या गळ्यात पडून म्हणाली, की मला काय माहीत ती अशी असेल. नात आधी रडली, मग मास्तरांचा टेप पकडून गप्प झाली. ज्याच्या खांद्यावर द्यावी त्याच्याकडे बघून हसायला लागली. उस्तादने तिला पोटाशी धरलं आणि तिच्या डोळ्यांना जे पाणी लागलं ते थांबेच ना. सामान चढवलं, कपाट बांधलं, गाद्यांच्या मध्ये मास्तर आरामात पाय पसरून बसले. राजासारखा जातोय, ते म्हणाले. लेक बाळाला घेऊन पुढे बसली, पलीकडच्या दाराशी.

उतार लागला. उस्तादने गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली आणि इंजिनाच्या जोरावरच सावकाश उतरू दिली; ब्रेकला पाय लावायची गरजच पडत नव्हती. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला, लेकीकडे, दरी. लेक बाळाला थोपटत सांगत होती, की तिकडे सगळे मला विचारायचे, तुझी आई खरंच गाडी उघडून बसवते का. उस्ताद ऐकत होती. तिला वाटत होतं, हा रस्ता संपूच नये.

एका वळणाच्या अलीकडे गाडी थांबली.

हिसका बसला, इंजिनाने आचका दिला आणि ते बंद पडलं. समोर रस्ता मोकळा होता. गाडी नाही, गुरं नाहीत, साधा दगड नाही. वळणापलीकडचाही तुकडा दिसत होता आणि तोही मोकळा होता. उस्तादचा उजवा पाय जिथे होता तिथेच होता, बाजूला, टेकलेला. तिने खाली पाहिलं.

पेडलवर पाऊल होतं. लांब, अनवाणी, धुळीने पांढरं झालेलं, बोटं एकेक करून रबरात रोवलेली. घोट्यापर्यंत होतं. त्याच्या मागे सीटखालची सावली होती आणि त्या सावलीत तिने पाहिलं नाही. तिने मान वर केली आणि दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरलं. नात इथे आहे, एवढंच तिच्या डोक्यात फिरत होतं. हे इथे आहे आणि नात इथे आहे.

"काय झालं, आई?" लेकीने विचारलं, आणि बाळाला दुसऱ्या खांद्यावर घ्यायला ती जराशी वळली.

तिचा दंड दाराला लागला न लागला, आणि दार कसलाही आवाज न करता सबंध उघडं पडलं. बाहेर दरी होती. खालून गार वारा आत आला. लेकीने किंकाळी दाबली, बाळाला छातीशी आवळलं आणि आईच्या अंगावर कलंडली. उस्तादने दोघींना एका हाताने धरून ठेवलं. ते दार, त्याचं कुलूप, भंगारातून आणून तिनेच गेल्या महिन्यात बसवलं होतं. घट्ट बसलं, म्हणाली होती. कालपासून ब्रेकच्या नादात तिने त्याकडे पुन्हा बघितलंही नव्हतं. पुढचं वळण दरीच्या विरुद्ध बाजूला होतं. चालत्या गाडीत, त्या वळणावर, सगळा भार दारावर गेला असता.

मागून मास्तर फळीवर थापा मारत होते, काय गं, का थांबलीस, विचारत होते. ती ओरडून म्हणाली, की दार नीट लागलं नव्हतं, तुम्ही उठू नका. आवाज कसाबसा साधा निघाला. तिने हात लांब करून दार ओढून घेतलं, लेकीची ओढणी हँडलमधून ओवून सीटच्या दांड्याला करकचून गाठ मारली, ओढून पाहिली, पुन्हा मारली. लेकीला बाळासकट मध्ये सरकवून घेतलं. लेकीच्या अंगाचा थरकाप थांबला नव्हता, पण नात आजीच्या कानातलं पकडून हसत होती. ते बघून लेकही रडत रडत हसली, आणि मग उस्तादलाही आवरेना. तिघी तशाच एकमेकींना धरून हसत राहिल्या.

मग निघायला हवं होतं. उस्तादने गिअर काढला आणि चावी फिरवली. इंजिन सुरू झालं. एवढ्या उतारावर गाडी बोटभरही हलली नाही. आरशात मागे दोन्ही लाल दिव्यांचा उजेड रस्त्यावर पडलेला दिसत होता.

लेक शेजारी होती. ऐकलं तर ऐकलं, उस्तादने ठरवलं. तिने गिअर टाकला, समोर बघत, घरच्या माणसाला सांगावं तसं साधेपणाने ती म्हणाली,

"सोडा आता. फार उपकार झाले."

"सोडलं."

गाडी अलगद पुढे सरकली. लेकीचं हसू थांबलं होतं. तिने मागच्या काचेतून पाहिलं. मास्तर गादीला टेकून डोळे मिटून बसले होते.

"आई," ती अगदी हळू म्हणाली. "बाबा तर मागे आहेत."

"हो," उस्ताद म्हणाली. "घरी गेल्यावर सांगते."

उतार अजून बराच बाकी होता. ऊन छान होतं आणि नात तोंडाने बुडबुडे काढत होती. उस्तादने आपला पाय ब्रेकपासून आणखी थोडा बाजूला घेतला. तिथे दोघांना पुरेल एवढी जागा नव्हती.